गेटपासच्या मापात अख्खं गाव

आमच्या धंद्यात माणसाचा मोठेपणा फुटात मोजतात. फ्लेक्सवर ज्याचं तोंड चार फुटांचं तो नेता. दोन फुटांचं तो नेत्याचा उजवा हात. आणि तळाला बांगडीएवढ्या गोलांत दाटीवाटीनं बसवलेले ते समस्त शुभेच्छुक. ही मापं कुठल्या कायद्यात लिहिलेली नाहीत, पण चुकली तर दुकानावर माणसं चालून येतात. मला हे पहिल्या दिवसापासून पटत नाही आणि मी ते रोज करते. पोट त्यावर चालतं. एवढं सांगून टाकलं म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

महाळुंगे ते निघोजे रस्त्यावर एक पंक्चरवाला आणि एक मिसळवाला यांच्या मधे माझं फोटोचं आणि डिझाइनचं दुकान आहे. राहायला मी पुनावळ्याला, माहेर तेच, रोज स्कूटीवरून येते. दुकान टाकण्याआधी कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. 'समान काम, समान वेतन' हे शब्द इतक्या वेळा टाइप केलेत की बोटं आपोआप चालतात. कंपन्यांच्या गेटवर सकाळच्या शिफ्टला उभी राहून ती पत्रकं मी वाटली आणि त्यातली किती वडापावखाली गेली तेही पाहिलं. फ्लेक्स मात्र लोक मान वर करकरून वाचतात. याचा मला राग आहे.

दुकानाला खरा आधार गेटपासच्या फोटोंचा. बाहेरच्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. इथं माणूस तोच, मशीन तेच, काम तेच, पण कंत्राटदार बदलतो. कंत्राटदार बदलला की कागदोपत्री माणूस नवा होतो, आणि नव्या माणसाला नवा फोटो लागतो. मागची बाजू पांढरी हवी, कान दिसायला हवेत, अंगात कॉलरचा शर्ट हवा. माणूस येतो शिफ्ट सुटल्यावर, टी-शर्टात, ऑइलच्या डागांसकट. मग मी त्याला कॉम्प्युटरमधला शर्ट घालते. माझ्याकडे एक निळा शर्ट आहे, तो सगळ्यांना बसतो. एकदा एका कंपनीच्या ऑफिसातून फोन आला, "मॅडम, तुमच्याकडनं फोटो काढून आलेली ही सगळी माणसं एकाच घरातली आहेत का?"

मी म्हटलं, "एकाच कंत्राटदाराची आहेत. तुम्ही त्यांना कायम करा, मी प्रत्येकाला वेगळा शर्ट घालते."

त्यांनी फोन ठेवला.

आणखी एक जण खुर्चीत बसून म्हणाला होता, "ताई, डोळ्यांखालची नाइट शिफ्ट तेवढी काढून टाका." काढली. माउसच्या दोन फटक्यांत निघाली. पत्रकं काढून आमच्याकडून ती कधी निघाली नव्हती.

दत्ताभाऊ पहिल्यांदा आले ते असाच गेटपासचा फोटो काढायला. हिंगोलीकडचे, एका कंपनीत क्रेन चालवतात. दुकानाच्या मागच्या गावात भाड्यानं राहतात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली कामं अजून माझ्याकडे येतात. मुलगी वैशाली याच गावच्या शाळेत शिकली आणि आता एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करते. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाएवढी चूक निघाली की अख्खी पेटी परत पाठवते. अशी मुलगी मला फार आवडते.

या गावात चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते. त्या वर्षी यात्रेच्या बरेच दिवस आधी दत्ताभाऊ दुकानात आले आणि गेटपासचं काही न बोलता नुसतेच उभे राहिले.

"बोला की दत्ताभाऊ."

"ताई, यात्रेच्या फ्लेक्सवर माझा बी फोटू पाहिजे."

मी हसले. ते हसले नाहीत. मग सांगायला लागले. वैशालीसाठी जुन्नरकडचं स्थळ आलं होतं. मुलगा भोसरीत नोकरीला, वैशालीला पसंत, मुलाच्या आईवडिलांनाही मुलगी पसंत. अडले होते ते मुलाचे मावसा. ते कुणाजवळ तरी म्हणाले होते, खोलीभाड्याची माणसं, आज इथं आहेत, उद्या कुठं असतील, विचारायचं कुणाला? आता तेच मावसा यात्रेच्या दिवशी सगळ्यांना घेऊन घर बघायला येणार होते.

"ते फाट्यावरूनच गावात यायलेत," दत्ताभाऊ म्हणाले. "तिथं कमानीवर फ्लेक्स राहतो. त्यावर आपलं तोंड दिसलं की माणूस इथला आहे म्हणून कळतंय. आप्पांना विचारलं मी. ते म्हणले, टाक खाली कोपऱ्यात."

आप्पा म्हणजे यात्रा कमिटीचे अध्यक्ष. गावातलं जुनं घर. अर्धी जमीन कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या, आणि त्यातल्याच एका खोलीत दत्ताभाऊ राहतात.

मला राहवलं नाही. "दत्ताभाऊ, दरवर्षी यात्रेची ही कमान तुम्ही उभी करता. दोर कधी ओढायचा नि कधी सोडायचा हे सगळी पोरं तुम्हाला विचारतात. फ्लेक्सवर तोंड आलं तरच माणूस गावचा होतो का?"

ते शांतपणे म्हणाले, "तुमचं गाव तुमच्या पायाखाली हाय ताई. तुम्हाला नाही कळायचं ते."

माझ्यासारखीला असं गप्प बसवणारी माणसं कमी. त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिथंच फोटो पाठवला. यात्रेच्या फ्लेक्ससाठी आलेला तो पहिला फोटो. बाकीचे नंतर हळूहळू आले, आणि अध्यक्षांचा सगळ्यात शेवटी. मोठ्या माणसांचे फोटो नेहमीच शेवटी येतात, दहा वेळा मागितल्याशिवाय मोठेपण सिद्ध होत नाही.

बुधवारी रात्रीपर्यंत फ्लेक्स छान जमला. आप्पा मधोमध चार फुटी, डोक्याला फेटा, शेजारी उपाध्यक्ष, खाली उतरत्या भाजणीनं बाकीचे, आणि उजव्या कोपऱ्यात दत्ताभाऊ. बाई एकही नाही. 'यात्रेत नैवेद्य कोण करतं?' असं मी विचारलं होतं, त्यावर उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवार, शेवटचा हात फिरवायचा, छपाईला द्यायचा आणि शुक्रवारी यात्रा. असं ठरलेलं.

गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातला रविवार. कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे दुकानात गर्दी. आणि वीजवाल्यांना तारा दुरुस्त करायच्या तर त्याही गुरुवारीच. सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर एक गोड निरोप: तुमचं फोटोचं सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यात आलं आहे. कुणाला विचारून? मी सांगितलं होतं? या सॉफ्टवेअरचं असं असतं की ते विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. दर महिन्याला भाडं भरा, आणि मालक मनाला येईल तेव्हा घरात शिरून भिंती हलवून जाणार. भाडेकरूचं म्हणणं विचारायची पद्धत नाही.

मी चित्रावर टिचकी मारली. सॉफ्टवेअरच्या नावाची पाटी आली, चक्र फिरलं, पाटी गेली. पुन्हा टिचकी, पुन्हा पाटी, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा एक ओळ आली: अनपेक्षित कारणामुळे बंद करावं लागलं. अनपेक्षित कुणाला? काल रात्रीपर्यंत तर सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं.

याच धंद्यातले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. अशा वेळी आधी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावावा. नाही जमलं तर सॉफ्टवेअर उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट ही तिन्ही बटणं दाबून धरावीत, म्हणजे ते आपल्या जुन्या सवयी विसरून नव्यानं सुरू होतं. तरी नाही तर आतल्या सेटिंगमधे जाऊन ग्राफिक्स कार्ड वापरण्याची खूण काढून टाकावी. हा उपाय बहुतेक वेळा चालतो. फक्त आत जायला सॉफ्टवेअर उघडावं लागतं, आणि माझं उघडतच नव्हतं. कंपनीच्या मदतीच्या पानावर माझ्यासारखेच शेकडो जण ओरडत होते आणि खाली एक सद्गृहस्थ सगळ्यांना एकच उत्तर देत होता: आपण कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहिला का? पत्रकबाजी मी केली आहे, त्यामुळे एकच मजकूर सगळ्यांना वाटणारा माणूस मला लांबून ओळखू येतो.

शेवटचा उपाय म्हणजे आधीची आवृत्ती पुन्हा आणून बसवायची. ती उतरवायला सुरुवात केली आणि लाइट गेली. तारांची दुरुस्ती. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालला, पण परिसरातलं इंटरनेटच गेलं. मोबाइलवर उतरवायला घेतलं तर मुंगीच्या पावलानंही सरकेना. तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन: "ताई, लाइट आली की मशीन लावतोय. पाच वाजेपर्यंत फाइल द्या. नंतर दिली तर यात्रा झाल्यावर छापू."

फ्लेक्सची फाइल म्हणजे काय असतं? प्रत्येक चेहरा वेगळ्या थरावर, काचेच्या पाट्या एकावर एक रचाव्यात तसा. ती फाइल उघडते फक्त त्याच सॉफ्टवेअरमधे. म्हणजे आप्पांचे चार फूट आत कोंडलेले, बाहेर काढायला रस्ता नाही. माझ्या हातात उरलं काय, तर प्रत्येकाचा सुटा कापलेला फोटो, आणि प्रिंटरबरोबर फुकट आलेला एक छोटासा प्रोग्राम. तो मी गेटपासच्या फोटोंसाठी वापरते. फोटो द्यायचे, तो ओळीत चौकोन पाडून देतो. सगळे चौकोन एका मापाचे. लहानमोठं करायची त्यात सोयच नाही, कारण गेटपासवर कुणी लहानमोठं नसतं. क्रम पण तोच लावतो: जो फोटो आधी आला तो आधी.

इन्व्हर्टर बीप करायला लागला होता. दुकानात वैशाली उभी होती, दुपारी काही तरी विचारायला आलेली. मी तिला म्हटलं, "हे आज छापलं नाही तर उद्या कमान मोकळी."

ती म्हणाली, "मोकळी नका ठेवू. बाबांनी परवाच कमानीवर जागा बघून ठेवलीय, गाडीतून कुठून दिसेल ती." मग जाता जाता, "आणि ताई, मला मुलगा खरंच आवडलाय. तुम्ही यावर पत्रक काढू नका."

मी सगळे फोटो त्या प्रोग्रामला दिले. वर एरवी कंपनीचं नाव लिहायची जागा असते, तिथं यात्रेचं निमंत्रण टाकलं. पानभर एकसारखे चौकोन आले. पहिल्या ओळीत पहिले दत्ताभाऊ. शेवटच्या ओळीत शेवटचे आप्पा, फ्लेक्सवाल्याच्या फोन नंबरला खेटून. फेट्यासकट ते असे दिसत होते की उद्यापासून सेकंड शिफ्टला रुजू होणार आहेत.

आता कुणी म्हणेल, मुद्दाम केलं. केलं नाही. नमुना यात्रा कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली स्वच्छ मराठीत लिहिलं: 'सॉफ्टवेअर बंद पडलं आहे. सर्वांचे फोटो एकाच मापात बसवले आहेत. चालेल का ते पाचच्या आत कळवा.'

उत्तरं यायला लागली. एक म्हणाला, माझ्या चष्म्यावर चमक आलीय. दुसरा म्हणाला, यात टक्कल दिसतंय, मागच्या वर्षीचा लावा. उपाध्यक्ष म्हणाले, नाव बरोबर आहे, ओके. आप्पांनी नुसता अंगठा पाठवला. इथली रीत मला माहीत होती, पण इतकी पक्की असेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येकानं दोन बोटांनी पडदा ताणून आपलं तोंड मोठं करून पाहिलं. अख्खा फ्लेक्स कुणी पाहिलाच नाही. खाली मी लिहिलेली ओळ तर कुणीच वाचली नाही. आपलं तोंड पडदाभर दिसलं, म्हणजे फ्लेक्सवरही मोठंच असणार.

फाइल गेली, लाइट आली, फ्लेक्स छापला, पोरांनी कमानीवर चढवला.

शुक्रवारी सकाळी आप्पांचा फोन. "पोरी, फाट्यावर ये. आत्ता."

गेले तर कमानीखाली ही गर्दी. चहाची टपरी सोडून लोक तिथं उभे. आणि आप्पांना ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात चाललेलं.

"आप्पा, गेटपास निघाला वाटतं तुमचा."

"कुठल्या कंत्राटदाराकडं लागला हो?"

"आरं, जेवायची सुट्टी किती वाजता हाय ते विचार आधी."

आप्पांनी मला हात केला. "हिकडं ये. माझं तोंड कुटं हाय ते दाव."

"शेवटच्या ओळीत आप्पा. फोन नंबरच्या शेजारी."

"आन् ह्यो पयला?"

"दत्ताभाऊ. त्यांचा फोटो आधी आला होता."

"माझ्या खोलीत ऱ्हातो त्यो. आन् माझ्या डोक्यावर बसवलास व्हय त्याला?"

मी मोबाइल काढून ग्रुपवरची ओळ दाखवली. त्याखालचा अंगठाही दाखवला.

"अंगठा दिला म्हंजी वाचलं आसं न्हाई," आप्पा म्हणाले.

मी म्हटलं, "जमिनीच्या कागदांवर पण असाच दिला होता का?"

आप्पा माझ्यावरची नजर न काढता पोरांना म्हणाले, "शिडी आणा. काढा ह्ये."

शिडी लागली. एक पोरगा वर चढायला लागला. मी आप्पांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं: दत्ताभाऊंच्या मुलीचे पाहुणे येताहेत, मावसा काय बोलले, फोटो कशासाठी हवा होता. "ते येऊन जाऊ देत. मग काढा, जाळा, काय हवं ते करा. नवीन मी करून देते."

"सारी यात्रा मला हसती आन् मी थांबू?"

"अर्धा तास."

"न्हाई."

दत्ताभाऊ गल्लीतून आले तेव्हा शिडीवरचा पोरगा दोरापर्यंत पोचला होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गुलाल. त्यांनी फ्लेक्स पाहिला, आपण कुठं आहोत ते पाहिलं, आप्पा कुठं आहेत ते पाहिलं, शिडी पाहिली. जुन्नरच्या बाजूनं येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, बस.

गाडी आलीच. मुलगा उतरला, त्याचे आईवडील उतरले, आणि पुढच्या सीटवरून मावसा. मावसांनी उतरल्या उतरल्या मान वर केली. फ्लेक्स सावकाश वाचला, वरून खालपर्यंत. अख्खा फ्लेक्स वाचणारा तो पहिला माणूस.

"पहिला फोटो तुमचाच का?" त्यांनी दत्ताभाऊंना विचारलं.

दत्ताभाऊंनी मान हलवली.

"बरेच जुने दिसता इथले." मग मावसा वळले, फेटा बघून आप्पांना नमस्कार केला. "आणि आपण?"

टपरीवर कुणी तरी फिसकन हसलं. आप्पांनी एकदा वर पाहिलं, शेवटच्या ओळीकडे. अध्यक्ष असं सांगावं, तर कुठला अध्यक्ष फोन नंबराशेजारी बसतो? त्यांनी आता भाडेकरूचं नाव काढलं असतं तर संपलं होतं.

"मी हितलाच," आप्पा म्हणाले. "दत्ताच्या शेजारी ऱ्हातो."

वरून पोरानं विचारलं, "आप्पा, सोडू का दोर?"

"आवळ," आप्पा म्हणाले. "वाऱ्यानं ढिला झालाय. आवळून बांद आन् उतर खाली."

मग ते पाहुण्यांबरोबर दत्ताभाऊंच्या खोलीवर गेले. यात्रेच्या दिवशी अध्यक्षाला पाणी प्यायला वेळ नसतो, पण ते पोहे संपेपर्यंत बसले. मावसांना म्हणाले, आमच्या देवाची कमान हा माणूस उभी करतो, ह्यो नसला तर आमी दोर धरून बघत बसतो. वैशालीनं मला हे संध्याकाळी फोनवर सांगितलं. मावसांनी मग दुसरं काही विचारलंच नाही. लग्नाची तारीख काढायची ठरली.

दिवसभरात मी जुनी आवृत्ती उतरवून बसवली होती. सॉफ्टवेअर सुरळीत उघडलं. आपोआप अद्ययावत होण्याची खूण काढून टाकली. तुम्हीही काढा. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी तर काढाच, आणि चालू आवृत्ती कुठे तरी जपून ठेवा.

दिवे लागायच्या सुमारास आप्पा दुकानात आले. फेटा हातात. खुर्चीत बसले, पंख्याखाली.

"जमिनीचं बोललीस ते," म्हणाले, "वाचलं व्हतं मी. समदं वाचूनच दिला अंगठा. दुसरं करता काय येत व्हतं?"

मी चहा मागवला.

चहा झाल्यावर ते म्हणाले, "यात्रा उद्याबी हाय. नवा फ्लेक्स कर. माझं तोंड मोटं पाहिजे, मधी."

"करते. उपाध्यक्ष शेजारी?"

"व्हय. बाकीचे खाली, बारकं बारकं."

"आणि दत्ताभाऊ? खाली कोपऱ्यात?"

आप्पांनी हातातला फेटा टेबलावर ठेवला. "त्यो हाय तिथंच ऱ्हाऊ दे. पयला."

"केवढा?"

"हाय तेवढाच. पाहुण्यांनी बघितलाय न्हवं. लग्नाची बोलणी करायला परत आले आन् बारका दिसला, तर काय म्हनतील?"

मी फाइल उघडली. सगळे थर जागच्या जागी होते. दत्ताभाऊंना कोपऱ्यातून उचलून वर पहिल्या जागी नेलं आणि कमानीवर होते तेवढं मोठं केलं. मग आप्पांचा चेहरा धरला आणि ताणला, त्यांनी मागितला होता त्यापेक्षा थोडा जास्तच.